समेला उशिरा पोचण्याची शिकवणी

पहिल्याच मंगळवारी सरांनी मला चौथ्या ओळीवर थांबवलं. पियानोवरचे हात काढून मांडीवर घेतले आणि म्हणाले, "हा आवाज तुझा नाही. खरं तर तिचाही नाही. हा तिच्या आजारपणाचा आवाज आहे."

मी ओशाळले. आठवडाभर बाथरूममध्ये कोंडून घेऊन मी तो आवाज कमावला होता. घोगरा, मध्येच चिरकणारा, शब्दाच्या शेवटी विझत जाणारा. १९५८ सालच्या 'लेडी इन सॅटिन' या रेकॉर्डवरची अमेरिकन जॅझ गायिका बिली हॉलिडे मी अक्षरशः घोटून प्यायले होते. मागे व्हायोलिनांचा ताफा आणि पुढे हा फाटका आवाज. मला वाटायचं, जॅझ म्हणजे हेच. सरांनी विचारलं, "तेव्हा ती किती वर्षांची होती?" मी म्हटलं, साठीची असेल. ती बेचाळीस वर्षांची होती. पुढच्याच वर्षी १७ जुलैला न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलात गेली, तेव्हा चव्वेचाळीस. मी स्वतः त्या दिवशी एकावन्न वर्षांची होते.

गुरूच्या खोकल्यासकट गाणं उचलणाऱ्या शिष्यांची आपल्याकडे थट्टा करतात. मिरजेत लहानपणापासून मी ती ऐकत आले, स्वतःही करत आले. आणि इथे येऊन मी नेमका खोकलाच उचलला होता.

थोडं माझ्याविषयी. मी जर्सी सिटीत राहते, दिवसा एका गोदामाचे हिशेब सांभाळते. वडील तबला वाजवायचे, त्यामुळे घरात बोलणं कमी आणि ठेका जास्त. मी गाण्यात विशारद केलं, मग लग्न, मग अमेरिका, मग वीस वर्षं गणपतीच्या कार्यक्रमात एक अभंग आणि एक नाट्यगीत. मुलगा कॉलेजला गेल्यावर संध्याकाळी घर खायला उठायला लागलं, म्हणून पाथ ट्रेन पकडून नदीपलीकडे मोठ्यांसाठीच्या जॅझ गायनाच्या वर्गात नाव घातलं. आम्ही आठ जण. जानेवारीत वर्ग सुरू, एप्रिलमध्ये एका वाचनालयाच्या तळघरातल्या हॉलमध्ये कार्यक्रम. बिलीचा जन्म ७ एप्रिल १९१५ चा, त्यामुळे यंदाचा कार्यक्रम तिच्या नावाने करायचा ठरलं होतं.

सरांनी गृहपाठ दिला: १९५८ बंद, १९३५ पासून सुरुवात. टेडी विल्सनच्या वाद्यवृंदाबरोबर तिनं वीस वर्षांची असताना गायलेलं 'व्हॉट अ लिटल मूनलाइट कॅन डू' ऐकलं आणि मी चक्रावले. ही हसरी, तरतरीत पोर आणि ती 'लेडी इन सॅटिन'मधली बाई एकच? आवाज लहानसा. सव्वा सप्तकाच्या पलीकडे ती क्वचितच जायची. ताना नाहीत, हरकती नावापुरत्या. आपल्या परीक्षेला बसली असती तर परीक्षकांनी 'तयारी कमी' असा शेरा मारला असता, हे लिहिताना मला लाज वाटते, पण पहिल्या दिवशी माझ्याही मनात तेच आलं होतं.

माझ्या वाट्याला दोन गाणी आली: 'ऑल ऑफ मी' आणि 'फाइन अँड मेलो'. आता पहिला प्रश्न पट्टीचा. सरांनी विचारलं, "कोणत्या की मध्ये?" मी ऐटीत सांगितलं, काळी चार. म्हणजे त्यांच्या भाषेत जी शार्प. सर हसले. "ए फ्लॅट म्हण. जी शार्प म्हटलंस तर बासवाला घरी जाईल." बासवाला म्हणजे साथीला खर्जाचं तंतुवाद्य वाजवणारा. जी अर्धा स्वर चढवला (शार्प) काय किंवा ए अर्धा उतरवला (फ्लॅट) काय, स्वर तोच, पण लिहिताना शार्पची पट्टी म्हणजे कागदावर काटेरी कुंपण होतं, आणि जॅझवाले, त्यातही फुंकून वाजवणारे, फ्लॅटच्या पट्ट्यांत सुखी असतात. दुसरी गोष्ट कळायला मला वेळ लागला. आपल्याकडे पट्टी गायिकेची असते. काळी चार म्हटलं की यमन काळी चारमध्ये आणि भैरवीही काळी चारमध्ये. इथे पट्टी गाण्याची असते. गाण्याचा सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा स्वर शोधायचा, ते दोन्ही गळ्यात कुठे सुखानं बसतात ते बघायचं आणि मग की ठरवायची. छापील वहीत 'ऑल ऑफ मी' सी मध्ये असतं, तिथे माझा आवाज वरती टोचायला लागला. जी करून पाहिला, एफ करून पाहिला, शेवटी फिरून ए फ्लॅटवरच आलो. काळी चार! मी जिंकल्यासारखं बघितलं, पण सर चार्ट लिहिण्यात गुंग होते.

चार्ट म्हणजे वाजवणाऱ्यांच्या हाती द्यायचा कागद. हा गायिकेनं स्वतः करून न्यायचा असतो, हे मला चौथ्या आठवड्यात कळलं, तेही चारचौघांत. वर की, डाव्या कोपऱ्यात लय कशी ते, मग चार-चार बारांच्या (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक खण) ओळी, प्रत्येक बारवर कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे स्वर, सुरुवातीला किती बारांचं वाजवणं, मध्ये कोण एकटं वाजवणार, शेवट कसा. तोंडी सांगून भागत नाही. तबलजीला नुसतं मानेनं खुणावून गाडी चालवायची माझी सवय. इथे मी मान हलवली की बासवाल्याला वाटायचं मी दाद देतेय.

खरी अडचण मात्र लयीची निघाली. आणि ज्यात मी स्वतःला सगळ्यांत पक्की समजत होते, तिथेच निघाली.

सरांनी मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र, लावला आणि म्हणाले, ही टिकटिक एक आणि तीनवर नाही, दोन आणि चारवर आहे असं समजून गा. चार मात्रांच्या बारमध्ये टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. मी अर्धा मिनिट टिकले. तिसऱ्या ओळीपर्यंत माझी टाळी आपोआप पहिल्या मात्रेवर येऊन बसलेली असायची. आपली सगळी कुंडलीच पहिल्या मात्रेवर मांडलेली. आवर्तनभर कुठेही हिंडा, पण समेवर घरी या, आणि आलात की सगळे मिळून "वाऽ". वडील तर रस्त्यानं चालतानाही चौकात समेवर पोचायचे. मी पाथच्या फलाटावर उभी राहून दोन-चारवर बोटं आपटायचा सराव करायची. एकदा शेजारच्या माणसानं विचारलं, गाडी उशिरा आहे का?

दुसरा गृहपाठ तिनं 'ऑल ऑफ मी' कसं गायलंय ते कागदावर उतरवायचं. १९४१ च्या मार्चमधलं ध्वनिमुद्रण, एडी हेवूडचा वाद्यवृंद, सॅक्सोफोनवर लेस्टर यंग. फोनवरच्या अॅपमध्ये वेग पाऊणपट केला, छापील स्वरलिपी पुढे घेतली आणि शिसपेन्सिलीनं खुणा करायला लागले. ज्या शब्दाला ती छापल्यापेक्षा आधी येते तिथे डावीकडे बाण, जिथे उशिरा तिथे उजवीकडे. दोन रात्रींत कागद उजव्या बाणांनी भरून गेला. डावे बाण मोजकेच. एका ठिकाणी तर ओळ सुरू व्हायची वेळ टळून गेली, बास पुढे निघून गेला, आणि आता ही विसरली असं वाटेपर्यंत बाई गप्प. मग शांतपणे आली, आणि राहिलेले शब्द उरलेल्या जागेत असे बसवले, जसं घाईत नसलेली बाई भरल्या बसमध्ये शिरून नेमकी रिकामी सीट गाठते. दुसऱ्या रंगाच्या पेन्सिलीनं स्वर लिहिले तेव्हा कळलं, चालीतले उंचसखल भाग तिनं बरेच सपाट केलेत. जिथे चाल पाच स्वर चढते-उतरते तिथे ती दोन-तीन स्वरांतच बोलल्यासारखी राहते. म्हणजे छोट्या आवाजाची ही तडजोड नव्हती. गाण्यातलं काय काय काढून टाकता येतं ते तिला ठाऊक होतं.

कुणी म्हणेल, आपल्याकडे अतीत-अनागत आहेच की. आहे. गुरुजींनी मला शिकवलंही होतं. सम हुकवून पुढेमागे दाखवायची, आणि श्रोत्याला कळली पाहिजे की मी मुद्दाम हुकवली. पण ती आपली गंमत, पाहुण्यासारखी येते आणि जाते. बिलीचा मुक्कामच तिथे. आणि ती दाखवत काहीच नाही.

'फाइन अँड मेलो' हा तिनं स्वतः रचलेला ब्लूज. बारा बार, प्रत्येकात चार मात्रा. मी मनात गुणाकार केला: अठ्ठेचाळीस. विलंबित एकतालाच्या बारा मात्रा, प्रत्येकीचे चार भाग, अठ्ठेचाळीसच! मला वाटलं आता किल्ली सापडली. घरी एकतालाचा ठेका मनात लावून मी तो ब्लूज घोळवला, आणि वर्गात सपशेल तोंडघशी पडले. कारण इथे आवर्तन तबल्याच्या बोलांवरून ओळखायचं नसतं, कॉर्डवरून ओळखायचं असतं. पाचव्या बारला घर बदलतं, सातव्याला परत, नवव्याला पुन्हा वेगळं. ड्रमवाला ब्रशनं नुसतं सळसळतो, तो काही "धिन् धिन्" म्हणून पत्ता सांगत नाही. बास ऐकायचा. महिनाभर मी गाडीत, स्वयंपाक करताना फक्त बास ऐकला. इतका की फ्रिजच्या घरघरीचाही स्वर बदलला की मी दचकायची.

ड्रमवाला सत्तरीचा, बोलायला कंजूष. सहाव्या आठवड्यात मी मागे राहून गाण्याचा पहिला प्रयत्न केला. मी रेंगाळले, मला वाटलं सगळे माझ्यासाठी थांबतील, आणि नवखा बासवाला खरंच थांबला. गाणं बैलगाडीसारखं खडखडायला लागलं. ड्रमवाल्यानं काठ्या खाली ठेवल्या. "तू मागे राहा," तो मला म्हणाला. "आम्ही थांबणार नाही. आम्ही थांबलो तर तू मागे कुठे राहिलीस?" मग बासवाल्याकडे वळून, "तिच्याकडे बघू नकोस."

तिच्याकडे बघू नकोस! साथीदारानं गायिकेकडे बघायचं नाही, हे ऐकून माझ्या मिरजेच्या मनाला केवढा धक्का बसला. पण त्या दिवसानंतर मला पायाखाली जमीन लागली. ते तिघे आपल्या वाटेनं ठाम चालतात, म्हणून मला मागे रेंगाळता येतं.

याच गाण्याचं एक चित्रीकरण आहे, ८ डिसेंबर १९५७ ला सीबीएस टीव्हीवर थेट दाखवलेल्या कार्यक्रमातलं. सरांनी ते वर्गात लावलं. उंच स्टुलावर बिली, भोवती कोलमन हॉकिन्स, बेन वेब्स्टर, जेरी मलिगन असे एकाहून एक दिग्गज. लेस्टर यंग उठतो. तब्येत खचलेली दिसते. एकच आवर्तन वाजवतो, मोजके स्वर, मध्ये भरपूर हवा. आणि कॅमेरा बिलीच्या तोंडावर. ती मान डोलावते, ओठ किंचित मुडपते, डोळ्यांत काय आहे ते मला सांगता येणार नाही. तिला 'लेडी डे' हे नाव त्यानंच दिलेलं, आणि त्याला 'प्रेझ' म्हणणारी ही. मार्च १९५९ मध्ये तो गेला, जुलैत ती. सरांनी तो तुकडा तीनदा लावला आणि एकदाही काही बोलले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

मग 'स्ट्रेंज फ्रूट'चा विषय निघाला. निघणारच होता. झाडाला लटकवून मारलेल्या काळ्या माणसांवरचं हे गाणं ब्राँक्समधल्या एबल मिरोपोल नावाच्या शिक्षकानं लिहिलेलं. १९३९ मध्ये ती न्यूयॉर्कमध्ये शेरिडन स्क्वेअरच्या 'कॅफे सोसायटी' या नाइटक्लबात ते गायला लागली. सगळ्यांत शेवटी, वेटर जागच्या जागी थांबलेले, दिवे विझवलेले, फक्त तिच्या चेहऱ्यावर झोत. पुन्हा गायचं नाही, टाळ्यांना वाकून उत्तर द्यायचं नाही. तिच्या नेहमीच्या कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीनं ध्वनिमुद्रित करायला नकार दिला, तेव्हा कमोडोर या छोट्या कंपनीनं केलं. वर्गातला एक तरुण मुलगा म्हणाला, तिच्या नावाचा कार्यक्रम आणि हे गाणं नाही, असं कसं? आणि माझ्याकडे बोट दाखवून, "यांची तालीम पक्की आहे, या गातील."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मी सुखावले. तेवढ्यात आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका बोलल्या. काळ्या, ब्रुकलिनच्या, वर्गातला सगळ्यांत उत्तम आवाज त्यांचा. "माझं आजोळ जॉर्जियातलं. मी हे गाणं बिस्किटांच्या टेबलाशेजारी उभी राहून गाणार नाही. आणि दुसऱ्या कुणी गायलेलं तिथे बसून ऐकणारही नाही." आवाज चढला नव्हता. मुलगा गप्प झाला. मीही. परतीच्या गाडीत मला आठवलं ते गावाबाहेरच्या वस्त्यांबद्दल आमच्या घरात कधीच न झालेलं बोलणं. आमच्या मातीतही झाडं आहेत आणि दोर आहेत. त्याबद्दल मी आजवर एक ओळ गायलेली नाही, आणि परक्या देशातलं दुःख तेवढं तालमीच्या जोरावर गाणार होते.

गाणं कार्यक्रमात ठेवलं नाही. पत्रकावर खुलासाही नको, असं बाईंनीच सांगितलं. पुढच्या मंगळवारी मी दोन स्टेशनं आधी, ख्रिस्टोफर स्ट्रीटला उतरले आणि शेरिडन स्क्वेअरला चक्कर मारून आले. पाऊस होता, सगळे घाईत होते. पाच मिनिटं उभी राहिले आणि वर्गाला उशिरा पोचले.

आता फुलाची गोष्ट. बिली केसांत पांढरं गार्डेनिया माळायची. गार्डेनिया म्हणजे आपला अनंत. मिरजेच्या घरी आडाजवळ अनंताचं झाड होतं, आई संध्याकाळी फूल तोडून पाण्याच्या वाटीत ठेवायची, आणि आम्हाला पाकळ्यांना हात लावायची बंदी, कारण बोट लागलं की तिथे तपकिरी डाग पडतो. कार्यक्रमाला केसांत अनंत माळायचा, हे मी मनात पक्कं केलं. फुलवाल्याकडे भाव ऐकला आणि सुपरमार्केटमधून कुंडीच आणली, अकरा कळ्यांची. खिडकीत ठेवली. खाली हीटर. चार दिवसांत कळ्या पिवळ्या पडून टपाटप गळायला लागल्या. कुंडी हलवली, तर उरलेल्या त्या रागानंही गळल्या. शेवटची कळी कार्यक्रमाच्या आदल्या रात्री गेली. बाईंना हे सांगितलं तर त्या मनापासून हसल्या. "बरं झालं. फूल माळलं असतंस तर लोक फुलाकडेच बघत बसले असते." मग मी साधा कोल्हापुरी साज घालून गेले, तो माझा होता.

कार्यक्रमाला साठेक माणसं. बाईंनी 'गॉड ब्लेस द चाइल्ड' गायलं. ते मी इथे वर्णन करणार नाही, मला जमणार नाही. माझा नंबर पाचवा. हात गार. सरांनी चार बार वाजवले, मी बास शोधला, सापडला. आणि पहिल्या ओळीला मी थांबले. तोंड उघडायची वेळ आली, गेली, ड्रमवाल्याचा ब्रश तसाच सळसळत राहिला, कुणी माझ्याकडे बघितलं नाही, आणि मग मी आले. शब्द बसले. दुसरी ओळही तशीच. मला इतका आनंद झाला की तिसऱ्या ओळीला सगळं विसरून, पंचेचाळीस वर्षांच्या सवयीनं, मी थेट पहिल्या मात्रेवर धाडकन येऊन उभी राहिले. वर मानेला झटकाही दिला. ड्रमवाल्याच्या मिश्या हलल्या. चौथ्या ओळीला मी पुन्हा मागे सरकले.

संपल्यावर बिस्किटांच्या टेबलाजवळ एका गृहस्थांनी तक्रार केली की तिचं ते प्रसिद्ध गाणं नव्हतं. बाई कॉफीत साखर ढवळत "नव्हतं," एवढंच म्हणाल्या.

मुलानं फोनवर टिपलेलं गाणं मी रात्रीच आईला पाठवलं. आई चौऱ्याऐंशीची आहे, चाळीस वर्षं तबल्याच्या आवाजात तिनं स्वयंपाक केलाय. सकाळी तिचा फोन आला.

"ऐकलं गं. आवाज अजून छान लागतोय. पण पहिल्यापासून मागे पडत होतीस. त्या तबलजीनं सांभाळून घेतलं म्हणून, नाहीतर काही खरं नव्हतं."

"बरं, आई."

"तिसऱ्या ओळीला मात्र अगदी बरोबर समेवर आलीस. तेवढं बघ."